रग्बीच्या संघात कोणाला कुठे खेळवावे: जागांची नावे, त्यांची कामे आणि खेळाडूची आवड

मराठवाड्यातल्या ज्या शाळा-महाविद्यालयांपर्यंत रग्बीचा चेंडू पोहोचला आहे, तिथे संघ बांधण्याची एक ठरून गेलेली रीत दिसते. अंगाने दांडगा मुलगा असेल तर त्याला पुढच्या फळीत ढकलायचे, शंभर मीटरमध्ये पहिला आलेल्याला कडेला उभे करायचे, कबड्डीत नाव काढलेल्याला मधे ठेवायचे आणि बाकीच्यांनी उरलेल्या जागा वाटून घ्यायच्या. पहिले एक-दोन सामने यावर निभावतात. पुढे मात्र पुढच्या फळीतला मुलगा सरावाला येईनासा होतो, कडेचा धावपटू चेंडूच मिळत नाही म्हणून जागा सोडून आत घुसू लागतो आणि ज्याच्या हाती खेळाची सूत्रे असायला हवीत तो भलत्याच कामात गुंतलेला असतो.

हा लेख क्रीडाशिक्षकांसाठी आहे, तसाच शिक्षक नसताना स्वतःच सराव चालवणाऱ्या मोठ्या मुलामुलींसाठीही आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. खेळाडूला काय आवडते हे संघ जाहीर झाल्यावर रुसवेफुगवे काढताना कळण्यापेक्षा निवडीच्या आधी विचारून घ्यावे, आणि विचारताना जागेचे नाव न घेता कामाचे नाव घ्यावे.

पहिली पायरी: जागा कशामुळे ठरल्या ते समजून घ्या

रग्बीत चेंडू हाताने पुढे टाकता येत नाही. तो पुढे न्यायचा तर हातात घेऊन धावावे लागते किंवा पायाने मारावा लागतो. हाताने दिला जाणारा पास आडवा किंवा मागेच द्यावा लागतो. त्यामुळे चेंडू घेऊन जाणारा अडवला गेला की त्याचे साथीदार त्याच्या मागून येतात आणि पडलेल्या चेंडूसाठी तिथल्या तिथे झुंज सुरू होते. या झुंजीला रक म्हणतात. हातातून चेंडू पुढे निसटण्यासारखी किरकोळ चूक झाली तर खेळ स्क्रमने, म्हणजे दोन्ही संघांच्या फळ्यांनी वाकून एकमेकांना भिडत चेंडूसाठी रेटा लावून, सुरू होतो आणि चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला तर लाइन-आउटने, म्हणजे उभ्या राहिलेल्या दोन रांगांच्या मधे चेंडू फेकून. पंधरा जणांच्या खेळातले पहिले आठ खेळाडू, म्हणजे फॉरवर्ड, प्रामुख्याने चेंडू मिळवण्यासाठी असतात आणि उरलेले सात, म्हणजे बॅक, मिळालेल्या चेंडूचे गुण करण्यासाठी. ट्रायला (समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवण्याला) ५, त्यानंतरच्या कन्व्हर्जनला (गोलखांबांमधून मारलेल्या किकला) २, पेनल्टी किकला (समोरच्यांच्या नियमभंगानंतर गोलखांबांमधून मारलेल्या किकला) आणि ड्रॉप गोलला (चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेल्या किकला) प्रत्येकी ३ गुण मिळतात. हा खेळ ४० मिनिटांच्या दोन डावांचा असतो.

जर्सीवरचा क्रमांक ही रग्बीत जागेचीच ओळख असते, हे क्रिकेट पाहून मोठ्या झालेल्या मुलांना आधी सांगावे लागते. क्रमांक आवडीने निवडायचा नसतो. जो हुकर खेळतो तो २ क्रमांक घालतो.

दुसरी पायरी: पंधरा जागा, कामासकट

१, २ आणि ३ ही पुढची फळी. १ म्हणजे लूजहेड प्रॉप, २ म्हणजे हुकर, ३ म्हणजे टाइटहेड प्रॉप. स्क्रममध्ये दोन्ही संघांच्या पुढच्या फळ्यांची डोकी एकमेकांत अडकतात. लूजहेडच्या डोक्याची डावी बाजू मोकळी राहते, तर टाइटहेडचे डोके समोरच्या दोघांच्या मधोमध जाते आणि दोन्हीकडचा दाब त्याच्यावर येतो. म्हणूनच जाणकार प्रशिक्षक संघाची यादी लिहिताना अनेकदा ३ क्रमांकापासून सुरुवात करतात. बघणाऱ्याला मात्र तो फक्त वाकलेला दिसतो.

स्क्रम कसा लागतो हे एकदा जवळून पाहावे. रेफरी ‘क्राउच’ म्हणतो तेव्हा दोन्ही फळ्या गुडघे वाकवून खाली बसतात. पाठ सपाट, मान वर, नजर समोर, आणि खांदे कमरेपेक्षा खाली गेलेले नाहीत. ‘बाइंड’ म्हणताच प्रॉप बाहेरच्या हाताने समोरच्या प्रॉपची जर्सी घट्ट धरतो. क्षणभर सगळे स्थिर राहतात आणि ‘सेट’ म्हटल्यावरच फळ्या भिडतात. ज्याची पाठ या वेळी गोल होते किंवा ज्याची नजर जमिनीकडे जाते, तो कितीही वजनदार असला तरी अजून प्रॉप झालेला नाही. १९ वर्षांखालील खेळात स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही. त्यामुळे शालेय वयात नुसत्या वजनाचा फायदा तसाही मर्यादित असतो. योग्य शरीरस्थिती टिकवणे हेच खरे कौशल्य.

हुकरला दोन कामे असतात. स्क्रममध्ये आत आलेला चेंडू पायाने मागे ओढणे हे पहिले, आणि लाइन-आउटमध्ये चेंडू फेकणे हे दुसरे. ही फेक दोन रांगांमधल्या एक मीटरच्या मोकळ्या पट्ट्यातून सरळ जावी लागते आणि किमान पाच मीटर अंतर ओलांडावी लागते. सरावासाठी शाळेच्या भिंतीवर, हात उंच करून उडी मारणाऱ्याच्या तळहाताच्या उंचीवर, खडूने वर्तुळ काढावे आणि आधी पाच, मग दहा मीटरवरून दोन्ही हातांनी डोक्यावरून चेंडू त्यात मारायला लावावा. हे काम एकट्याने, कंटाळा न करता करणारा खेळाडू संघात कोण आहे, हे पहिल्याच आठवड्यात कळते. हुकर तोच.

४ आणि ५ हे लॉक. लाइन-आउटमध्ये हवेत जाऊन चेंडू घेणे आणि स्क्रममध्ये पुढच्या फळीला मागून जोर देणे ही त्यांची कामे. आपल्याकडे उंच मुले आधीच व्हॉलीबॉलला गेलेली असतात. तिथूनच विचारून आणावीत. उडी मारणाऱ्याला दोन्ही बाजूंनी उचलण्याची पद्धत मात्र जाणत्या प्रशिक्षकाशिवाय करू नये. लहान गटांत तिला परवानगी आहे का, हेही स्पर्धेच्या नियमपत्रिकेत पाहून घ्यावे.

६ आणि ७ हे फ्लँकर, ८ हा नंबर एट. स्क्रमपासून मैदानाची जी बाजू अरुंद असते तिकडे ६ (ब्लाइंडसाइड) आणि जी रुंद असते तिकडे ७ (ओपनसाइड) लागतो. सातव्याने प्रत्येक रकवर आधी पोहोचायचे असते, पडून उठायचे असते आणि पुन्हा धावायचे असते. दम हीच त्याची पुंजी. आठवा खेळाडू स्क्रमच्या शेवटी चेंडू पायाखाली धरून ठेवतो आणि योग्य क्षणी उचलून निघतो, त्यामुळे त्याला ताकदीइतकेच चेंडू हाताळण्याचे कसब लागते.

९ हा स्क्रम-हाफ. प्रत्येक रकमधून बाहेर येणारा चेंडू बहुतेक वेळा याच्याच हातात येतो, आणि तो जमिनीवरून उचलून एकाच हालचालीत पुढे द्यायचा असतो. चेंडू उचलायचा, मग कमरेशी आणायचा आणि मग फेकायचा, अशा तीन टप्प्यांत पास गेला तर बचाव करणारे तोवर अंगावर आलेले असतात. या जागेला उंची लागत नाही. दक्षिण आफ्रिकेसाठी २०१९ आणि २०२३ असे दोन विश्वचषक जिंकणारा फाफ डी क्लर्क जेमतेम पावणेसहा फुटांच्या आसपासचा आहे. याला बोलता मात्र यायला हवे: आपल्यापेक्षा दुप्पट वजनाच्या आठ जणांना डावीकडे जा, उजवीकडे जा असे ओरडून सांगताना ज्याला संकोच वाटतो त्याने ही जागा घेऊ नये.

१० हा फ्लाय-हाफ. पास द्यायचा, पायाने मारायचा की स्वतः घुसायचे, हा निर्णय तो घेतो. १२ आणि १३ हे इनसाइड आणि आउटसाइड सेंटर. बाराव्याला धडक सोसता यावी लागते, तर तेराव्याला बचावाच्या वेळी पुढे यायचे की थांबायचे हे ओळखावे लागते आणि ते वाटते त्यापेक्षा फार अवघड असते. ११ आणि १४ हे डावा आणि उजवा विंगर. त्यांना वेग हवा हे सांगायला नकोच. १५ हा फुल-बॅक, शेवटचा पहारेकरी. उंचावरून येणारा चेंडू अंगावर प्रतिस्पर्धी धावून येत असताना झेलण्याची हिंमत त्याच्याकडे असावी लागते.

मुले मोबाइलवर सामने पाहतात आणि तिथे त्यांचा गोंधळ होतो, म्हणून नावांचे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. न्यूझीलंडचे समालोचक नवव्याला हाफबॅक, दहाव्याला फर्स्ट फाइव्ह-एट्थ आणि बाराव्याला सेकंड फाइव्ह-एट्थ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत ओपनसाइड फ्लँकर ६ क्रमांक घालतो आणि ब्लाइंडसाइड ७; तिथल्या संघाच्या सिया कोलिसीच्या पाठीवर ६ दिसतो तो त्यामुळे. आपल्या संघात कोणती पद्धत धरायची ते एकदा ठरवावे आणि मग बदलू नये.

तिसरी पायरी: सातच्या खेळात जागा कशा आटतात

आपल्याकडच्या बहुतेक शाळांना आधी भेटतो तो सात जणांचा खेळ. २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये हाच आहे. मैदान तेवढेच मोठे, डाव सात-सात मिनिटांचे, फॉरवर्ड तीन आणि बॅक चार. दोन प्रॉप आणि एक हुकर स्क्रमला वाकतात. मागे स्क्रम-हाफ, फ्लाय-हाफ, सेंटर आणि विंगर राहतात. पण सातच्या खेळातला प्रॉप म्हणजे पंधराच्या खेळातला प्रॉप नव्हे. त्याला फ्लँकरसारखे धावावे लागते, लाइन-आउटला उडी मारावी लागते आणि मोकळ्या जागेत एकट्याने पकड करावी लागते. वजनदार मुलाला ‘तू प्रॉप’ म्हणून सातच्या संघात घेऊन मग तो दमतो म्हणून रागावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. संघ सातचा असेल तर प्रॉपच्या जागी लॉक, फ्लँकर किंवा नंबर एटच्या घडणीची मुले पाहावीत.

चौथी पायरी: आवड विचारा, पण एकेकट्याला आणि लेखी

मैदानावर गोल करून ‘कोणाला कुठे खेळायचे आहे?’ असे विचारले तर कर्णधाराने हात वर केला की त्याचे चार मित्रही तोच हात वर करतात. लाजाळू मुले, आणि मुलींच्या संघात नव्याने आलेल्या मुली, काहीच बोलत नाहीत. म्हणून प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी द्यावी आणि पुढील प्रश्नांची उत्तरे नावासह लिहून घ्यावीत.

चेंडू हातात असताना जास्त बरे वाटते की समोरच्याला अडवताना? अंगावर येणाऱ्याला धडक देणे आवडते की हुलकावणी देणे? सामना अटीतटीचा असताना काय करायचे ते स्वतः ठरवावेसे वाटते, की कोणी सांगितलेले चोख पार पाडावेसे वाटते? वीस मिनिटे चेंडू आलाच नाही तरी जागेवर उभे राहता येईल का? आणि शेवटी, कोणते काम अजिबात नको आहे आणि का?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यात उपयोगी पडते. ‘स्क्रम नको, मानेची भीती वाटते’ असे लिहिणारा मुलगा आपल्याला खरे सांगत असतो, आणि ही भीती टिंगलीत काढण्यासारखी नाही. ‘विंग नको, एकटे वाटते’ असेही कोणी लिहितो. चौथ्या प्रश्नाचा रोख विंगच्या हौशींकडे आहे, हे शिक्षकांच्या लक्षात आलेच असेल. पंधराच्या खेळात विंगरला कित्येकदा फार वेळ वाट पाहावी लागते आणि त्याच वेळी आपल्या बाजूने कोणी निसटू नये यासाठी सावधही राहावे लागते. हे सांगितल्यावरही ज्याला विंगच हवी, त्याची आवड पक्की समजावी.

चिठ्ठ्या गोळा झाल्या की त्यांवर लगेच बोलू नये. आधी चाचण्या घ्याव्यात.

पाचवी पायरी: आठवडाभर सगळ्यांकडून सगळे करून घ्या

चाचण्यांच्या आठवड्यात कोणालाही जागा नसते. प्रॉप होऊ शकणाऱ्यानेही धावत पास द्यावा आणि विंगच्या हौशीनेही जमिनीवरून चेंडू उचलून आठ मीटरवरच्या साथीदाराच्या छातीसमोर टाकून दाखवावा. दोन्ही हातांकडून पास, पळता पळता झेल, उंच मारलेला चेंडू झेलणे, पायाने मारणे, तीस मीटरची धाव आणि ती थोड्या विश्रांतीने पुन्हा पुन्हा, एवढे पुरेसे आहे. तीस मीटरच्या पहिल्या धावेपेक्षा सहाव्या धावेची वेळ जास्त काही सांगते.

आपल्या भागात एक मापदंड तयारच असतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक यांची आकडेवारी तोंडपाठ सांगतात. मुली ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेकीची. गोळा लांब फेकणाऱ्याच्या पायात आणि कमरेत एकदम जोर लावण्याची क्षमता असते, तो पुढच्या फळीसाठी किंवा लॉकसाठी पाहावा. १६०० मीटर चांगले आणि १०० मीटर बरे असेल तर फ्लँकर. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांच्यामुळे बीड जिल्ह्यात लांब पल्ल्याच्या धावेची ओढ वाढली आहे. त्या ओढीतली मुले सातव्या जागेसाठी तयार कच्चा माल आहेत, फक्त त्यांना पकड शिकवावी लागते.

पकडीची चाचणी फार जपून घ्यावी. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मुरमाड मैदान वर्षभर टणकच असते. त्यावर नवशिक्यांना आडवे पाडू नये. गावात आखाडा असेल तर वस्तादांना विचारून लाल मातीच्या हौदात, नाहीतर कबड्डीच्या मॅटवर, दोघांनाही गुडघ्यांवर बसवून सुरुवात करावी. डोके समोरच्याच्या शरीराच्या मागच्या किंवा बाहेरच्या बाजूला, खांदा मांडीवर, दोन्ही हातांचा वेढा, आणि मग पायांनी रेटा. डोके समोरून आडवे येत असेल तर तिथेच थांबवून पुन्हा दाखवावे. इथे दहा वेळा थांबवणे वेळेचा अपव्यय नाही. माउथगार्डशिवाय पकडीचा सराव नको. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर त्या दिवशी तो खेळाडू मैदानावर परतत नाही, मग तो कितीही ‘सर, ठीक आहे’ म्हणो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा सराव सकाळी लवकर उरकावा आणि पकडी टाळून स्पर्शाचा खेळ खेळवावा.

दुसऱ्या खेळांतून आलेल्यांचे गुण आणि खोडी दोन्ही ओळखाव्यात. कुस्तीतला पट काढणाऱ्याला खाली जाऊन कंबर-मांडी धरणे आधीच येते, पण समोरच्याला उचलून डोक्यावर किंवा मानेवर पडेल असे टाकणे रग्बीत गंभीर गुन्हा आहे. कबड्डीचा कोपरारक्षक घोट्याची पकड सुरेख करतो, पण धरल्यावर सोडायचे नाही ही त्याची वर्षानुवर्षांची सवय असते. रग्बीत समोरचा पडला की पकड करणाऱ्याने त्याला तत्काळ सोडावे लागते, नाहीतर पेनल्टी जाते. खांद्यांच्या रेषेच्या वर केलेली पकडही नियमबाह्य आहे, आणि अनेक देशांनी स्थानिक सामन्यांत ही रेषा छातीच्या हाडापर्यंत खाली आणली आहे. खो-खोची मुले क्षणात दिशा बदलतात आणि बसल्या जागेवरून झेपावतात. धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, त्या परंपरेतल्या मुली स्क्रम-हाफ आणि विंग या जागांसाठी प्रथम पाहाव्यात. धडकेची सवय मात्र त्यांना नसते, ती हळूहळू लावावी. क्रिकेटमध्ये सीमारेषेवर झेल घेणारा फुल-बॅकसाठी जवळजवळ तयार असतो.

सहावी पायरी: आवड आणि चाचणी यांचा मेळ घाला

वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तीन रकाने करावेत: त्याने काय लिहिले, चाचणीत काय दिसले, आणि शेजारची कोणती जागा चालेल. जिथे पहिले दोन जुळतात तिथे चर्चा संपली.

आवड आहे पण चाचणी साथ देत नाही, असे असेल तर थेट नकार देऊ नये. त्याला शेजारच्या जागी घ्यावे. इथे शेजार म्हणजे कामांचा शेजार. दहाव्या जागेची हौस असलेला पण अजून निर्णयाला उशीर करणारा खेळाडू फुल-बॅकला छान बसतो, कारण तिथून सगळे मैदान समोर दिसते आणि विचाराला एखादा क्षण जास्त मिळतो. न्यूझीलंडचा बोडेन बॅरेट मूळचा फ्लाय-हाफ, पण २०१९ च्या विश्वचषकात तो फुल-बॅक खेळला. विंगची हौस असलेला पण सर्वांत वेगवान नसलेला तेराव्या जागी पाहावा. बॅकमध्येच खेळायचे म्हणणारा, पण धडकेला न भिणारा आणि न दमणारा मुलगा सातव्या जागेचा असतो. त्याला तिथेही चेंडू हातात मिळतो हे दाखवून द्यावे. उलटही घडते. न्यूझीलंडचा जोना लोमू शाळेत असताना फॉरवर्ड खेळत असे. पुढे तो विंगवर आला आणि १९९५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याने इंग्लंडविरुद्ध चार ट्राय केले. शाळेत दिलेली जागा म्हणजे जन्माची गाठ नाही.

सर्वांत नाजूक प्रसंग पुढच्या फळीचा. चाचणी सांगते की हा प्रॉप होईल आणि चिठ्ठीत त्याने लिहिलेले असते की पुढची फळी नको. अशा मुलाला संघाची गरज म्हणून कधीही जबरदस्तीने तिथे घालू नये. यात केवळ चांगुलपणा नाही, नियमही हेच सांगतात: पुढच्या फळीत त्या कामाचे शिक्षण घेतलेलाच खेळाडू लागतो आणि असे खेळाडू नसतील तर रेफरी स्क्रम न ढकलता, नुसता लावून घेतो. तसा सामना खेळणे परवडते. मानेची दुखापत परवडत नाही. त्याने नकार का दिला हे मात्र शोधावे. पुष्कळदा खरे कारण भीती नसते, वर्गात ‘जाड्या’ म्हणून झालेली हेटाळणी असते आणि प्रॉपची जागा म्हणजे त्याच हेटाळणीवरचा शिक्का असे त्याला वाटते. त्याला टाइटहेडचे काम समजावून सांगावे, चांगला स्क्रम लागल्यावर बॅकना किती मोकळीक मिळते ते मैदानावर दाखवावे आणि प्रॉप हा शब्द वजनाशी जोडून बोलण्यास संघात बंदी घालावी. शिक्षकांनीही. महिनाभराने त्याला पुन्हा विचारावे. ‘नाही’ आले तर ते ‘नाही’च धरावे आणि त्याला नंबर एटवर पाहावे.

पालकांचा प्रश्नही इथेच येतो. मुलगा कोणत्या क्रमांकाचा कपडा घालतो यावरून गावात त्याची किंमत ठरते आणि ‘आमच्याला मागं का ठेवलं?’ किंवा ‘पुढं का घातलं?’ असे विचारत वडील मैदानावर येतात. त्यांना वही दाखवावी. मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी आणि चाचणीची नोंद शेजारी शेजारी असली की बोलणे लवकर संपते. मुलींच्या बाबतीत आक्षेप जागेला नसून खेळालाच असतो. त्यांच्या घरी सांगावे की भारताच्या महिला संघाने २०१९ मध्ये मनिला इथे सिंगापूरला २१-१९ असे हरवून पंधराच्या खेळातला पहिला कसोटी (म्हणजे आंतरराष्ट्रीय) विजय मिळवला आणि त्या संघातही प्रॉप, हुकर, लॉक सगळ्या मुलीच होत्या.

सातवी पायरी: प्रत्येकाला दुसरी जागा शिकवा

२०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा हुकर बोंगी म्बोनाम्बी सुरुवातीच्या काही मिनिटांतच जायबंदी होऊन बाहेर गेला. त्या संघात दुसरा नेहमीचा हुकर नव्हता. राखीव खेळाडूंतला डिऑन फूरी एरवी फ्लँकर म्हणून खेळत असे, पण कारकिर्दीच्या सुरुवातीला तो हुकर होता, आणि उरलेला जवळजवळ सगळा सामना त्याने ती जागा सांभाळली. दक्षिण आफ्रिका १२-११ अशी जिंकली.

आपल्याकडे दुसऱ्या जागेची गरज दुखापतीपेक्षा दिनदर्शिकेमुळे जास्त पडते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कित्येक मुले दसरा-दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात घडवलेला संघ ऐन स्पर्धांच्या दिवसांत अर्धा रिकामा होतो. म्हणून जुलैमध्येच, कोण जाण्याची शक्यता आहे हे त्याला न दुखावता विचारून घ्यावे आणि त्या जागेसाठी दुसरा माणूस सोबतच तयार करावा. जाणाऱ्याची जागा त्याच्या परतीपर्यंत राखून ठेवण्याचे आश्वासन देऊ नये. परत आल्यावर त्याला दुसऱ्या जागेपासून सुरुवात करता येईल असे स्पष्ट सांगावे. तो समजून घेतो.

दुसरी जागा देताना जोड्या अशा लावाव्यात: लूजहेड आणि हुकर, हुकर आणि फ्लँकर, लॉक आणि ब्लाइंडसाइड, सातवा आणि आठवा, नववा आणि विंग, दहावा आणि बारावा, तेरावा आणि विंग, विंग आणि फुल-बॅक. लूजहेडला टाइटहेड सहज जमेल असे समजू नये. दोन्हीकडचे तंत्र वेगळे आहे आणि ते वेगळे शिकवावे लागते. पंधराच्या खेळात २३ जणांचा चमू असेल तर त्यातले किमान ६ जण पुढच्या फळीसाठी शिकलेले असावे लागतात. त्यामुळे सरावाचा सर्वांत मोठा हिस्सा तिथे खर्च झाला तरी तक्रार नसावी.

आठवी पायरी: हंगामाच्या मध्यावर फेरतपासणी

दोन-तीन सामने झाले की वही पुन्हा उघडावी. ट्राय कोणी केले हे सगळ्यांनाच आठवते, म्हणून त्याची नोंद नसली तरी चालेल. नोंद ठेवायची ती पकडी किती केल्या आणि किती सुटल्या, रकवर पहिल्या दोघांत कोण पोहोचले, लाइन-आउटच्या किती फेकी सरळ गेल्या आणि नवव्याचे किती पास दहाव्याला थांबावे न लागता मिळाले याची. बाहेर बसलेल्या खेळाडूंना हे मोजायला लावावे. त्यातून मोजणारालाही त्या जागेचे काम कळते आणि कित्येकदा त्याची स्वतःची आवड तिथेच बदलते.

मग चिठ्ठीतले तेच प्रश्न पुन्हा द्यावेत. पहिल्या वेळी विंग लिहिणारे काही जण आता फ्लँकर लिहितात. काहींना निर्णयाचे ओझे नको झालेले असते आणि ते दहाव्यावरून बाराव्यावर जाऊ पाहतात. असे बदल हंगामात एकदाच करावेत आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त जागा हलवू नयेत, नाहीतर पासची लय मोडते. स्पर्धेच्या आयोजकांकडे यादी देताना पुढच्या फळीत कोण कोण खेळू शकते ते नावापुढे ठळक लिहावे आणि ज्याने ती जागा नको म्हटले आहे त्याच्या नावापुढे, कितीही गरज असली तरी, तशी खूण करू नये.